केबलवाल्याच्या घरावरची छत्री

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो होतो. ती मेथी निवडत होती, मी चहा पीत होतो. टीव्हीवर एक बाई कन्नडात स्वयंपाक शिकवत होती. मला कन्नड येत नाही. लग्नाला एवढी वर्षं होऊनसुद्धा 'बर्री' म्हणजे या आणि 'साकु' म्हणजे पुरे, याच्यापुढं माझी गाडी गेली नाही. म्हणून टीव्हीवर कोण काय बोलतंय ते ही मला मराठीत सांगायची. विचारलं नाही तरी सांगायची.

त्या दिवशी मीच विचारलं, "काय म्हणती?"

"वांगी तेलात परतून घ्या म्हणती."

"एवढा वेळ बडबडली, आणि एवढंच?"

"बाकीचं नवऱ्याविषयी हाय. ते तुमास्नी सांगन्यासारखं न्हाई."

मी हसलो. ती हसली नाही. विनोद करून आपण गंभीर बसायचं ही तिची रीत. मेथीची जुडी बाजूला ठेवून, कन्नडातलं 'अहो' लावून म्हणाली, "री, कोपऱ्यावरच्या घरात मुंग्या यायल्यात. काल सांजच्यालाच सांगून गेल्यात. जावा आधी."

मुंग्या म्हणजे चित्र जाऊन पडद्यावर जे पांढरं-काळं वळवळतं ते. वायरचा जोड सुटला की मुंग्या येतात.

"चहा तर पिऊ दे की."

"चहा कुठं पळून जात न्हाई. गिऱ्हाईक जातंय."

कप तसाच ठेवून मी पक्कड आणि वायरचं भेंडोळं घेऊन बाहेर पडलो. आमचं बोलणं तिथं संपलं. कायमचं संपलं.

आता हे सगळं सांगायचं तर मागनं सांगायला पाहिजे, न्हाईतर कुणाला काय कळायचं नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. आधी पंपाच्या मोटारी रिवायंडिंगच्या दुकानात होतो. नव्वद सालानंतर गावात डिश आल्या तेव्हा मीपण छपरावर एक मोठी डिश बसवली आणि गल्लीत खांबाखांबावरनं वायर ओढून घरोघरी कनेक्शन दिली. तेव्हा धंदा सोपा होता. आकाशातनं जे काय यायचं ते सगळं फुकट यायचं. एकच दर, त्यात सगळं. कुणाला क्रिकेट पाहिजे, कुणाला सिरियल पाहिजे, म्हाताऱ्यांना देवाधर्माचं पाहिजे. एकेकाला त्याच्या आवडीचं वेगळं विकत बसलो असतो तर जो तो आपल्यापुरतं घेऊन मोकळा झाला असता. सगळं एकत्र बांधून दिलं की सगळे सगळ्याचे पैसे देतात आणि कुणाची तक्रार राहत नाही. मला कुणी शिकवलं नव्हतं हे. बाजारात कोथिंबिरीबरोबर मिरच्या घालून देतात, तसलंच ते.

त्या फुकटच्या चॅनेलांतच एक कन्नड चॅनेल लागलं. मी ते मुद्दाम लावलं नव्हतं. डिश फिरवताना सापडलं म्हणून राहू दिलं. गल्लीत कुणी ते बघत नव्हतं. बघायची ती एकटी आमची.

ती संकेश्वरच्या पलीकडची, कन्नड मुलखातली. आम्ही दोघं लिंगायतच, पण माझ्या घरात आज्यापासनं कन्नड गेलेलं. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी येत होतं, पण मोडकंतोडकं. सासूनं हसून हसून तिला मराठी शिकवलं. आईला 'अव्वा' म्हणाली की माझ्या बहिणी तिची नक्कल करायच्या. आम्हाला मूलबाळ झालं नाही. पोरं असती तर त्यांच्याशी तरी आपल्या भाषेत बोलली असती. तिच्या माहेरचं कुणी आलं की घरात नुसता कालवा व्हायचा. मी बाहेरच्या कट्ट्यावर बसून ऐकायचो. एक शब्द कळायचा नाही, पण ही एवढ्या मोठ्यानं हसते हे तेव्हाच कळायचं.

ते चॅनेल लागलं तशी ती दुपारी भाकरी करताना दार उघडं ठेवून आवाज मोठा करायची. बघायची कमी, ऐकायची जास्त.

मग कंपन्या हुशार झाल्या. चॅनेलांना कुलपं लागली. कुलूप उघडायला डबा आणि कार्ड कंपनीकडनं घ्यायचं. कंपनीचा माणूस आमच्या घरी आला. शर्ट इन केलेला, गोड बोलणारा. म्हणाला, "मामा, आता सुटं काही मिळणार नाही. बुके घ्यायचा."

ती आतनं चहा घेऊन आली. "म्हंजे फुलांचा व्हय?"

"तसंच समजा मावशी. क्रिकेटचं चॅनेल पाहिजे असलं तर त्याच्याबरोबर हे इंग्लिश दोन, कार्टूनचं एक आणि हे बातम्यांचं घ्यायलाच लागतं."

मी म्हटलं, "अहो, आमच्या गल्लीत इंग्लिश कोण बघतंय? तालमीतली पोरं बघतील आवाज बंद करून, तेवढंच."

"न बघू देत. घ्यायचं सगळं."

मला त्याचा राग आला नाही. तो करत होता ते मीच गल्लीत करत होतो. फरक एवढाच की मी बांधलेली जुडी गल्लीला परवडायची. त्याची जुडी अशी होती की आत एकच काडी हिरवी आणि बाकीची पिवळी. पण ती हिरवी काडी नसली तर गिऱ्हाईक दुसऱ्या केबलवाल्याकडं जाणार हे त्याला माहीत होतं. म्हणून तर तो खुर्चीत एवढा ऐसपैस बसला होता.

त्यानं कागद पुढं केला. कन्नडचं विचारलं तर म्हणाला, "ते साऊथच्या बुकेमध्ये गेलं. तामिळ, तेलुगू, मल्याळम, सगळ्यांबरोबर. आणि एका घराला नाही मिळत मामा. तुमच्या लाईनवर जेवढी घरं आहेत तेवढ्या सगळ्यांवर घ्यायला लागतं."

एका बाईसाठी सगळ्या गल्लीवर तामिळ. मी तिच्याकडं बघितलं. ती कप उचलत होती. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो. कोन बघतंय ते?"

कोण बघतंय ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

कन्नड बंद झालं. ती भाकरी करताना दार लोटून घ्यायला लागली, एवढंच. आठवड्याच्या बाजाराला मात्र लक्ष्मीपुरीत जायचीच. तिथं गडहिंग्लजच्या बाजूची एक मिरचीवाली बसायची, तिच्याशी कन्नडात बोलायला. मी एकदा म्हटलं, "आपल्या घरात दोन मानसं, एवढ्या मिरच्या कशाला?" तर म्हणाली, "मिरच्या न्हाईत घेतल्या तर ती बोलंल व्हय माझ्याशी?"

पुढं ती मिरचीवाली यायची बंद झाली. हिची आई गेली. माहेरी जायचं कारण कमी झालं. राहिली एक धाकटी बहीण, ती फोन करायची. एकदा असंच फोनवर बोलता बोलता ही मध्येच थांबली. उंबऱ्याला कन्नडात काय म्हणतात ते तिला आठवेना. मराठीच शब्द सांगून मोकळी झाली. पलीकडनं बहीण हसली असणार. फोन ठेवल्यावर ही भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "ती म्हणती, अक्का, तू मराठी झालीस की गं."

"मग काय झालं त्यात?"

"काय न्हाई."

आणि रडायला लागली. आई गेली तेव्हासुद्धा ती माझ्यासमोर अशी रडली नव्हती.  

तोवर छत्रीवाले आले होते. छत्री म्हणजे घरावर बसवायची लहान डिश. कंपनी थेट तुमच्या घरात, मध्ये केबलवाला नको. आमच्या धंद्याच्या मुळावर आलेली गोष्ट. आम्ही केबलवाले चहाच्या गाड्यावर जमलो की त्या छत्रीला आईबहिणीवरनं शिव्या घालायचो. पाऊस आला की बंद पडते, चोरीला जाते, डोळे जातात, तोंडाला येईल ते मी गिऱ्हाइकांना सांगायचो.

पण त्यात एक होतं. एकट्या घराला साऊथचा पॅक मिळायचा. गल्लीवर घालायला लागत नव्हता.

मी आमच्या भागातल्या दुकानात गेलो नाही. शाहूपुरीत, जिथं मला कोण ओळखत नाही, तिथं गेलो. दुकानदार म्हणाला, "पावणं, कुठल्या गावचं?" मी थाप मारली, मलकापूरचा. त्यानं सांगितलं, सणाची ऑफर आहे, साऊथचा पॅक पहिले काही महिने फुकट. मला हसू आलं. आधी फुकट चारायचं, मग दावं बांधायचं. जत्रेत फुकट चव देणारे हलवाई दुसरं काय करतात? कळून सवरून मी छत्री घेतली.

बसवायला माणूस आला तो तिन्हीसांजेला, गल्लीतली बाया-माणसं घरात गेल्यावर. छत्रीला आकाश मोकळं लागतं, टाकीमागं लपवता येत नाही. मी डोकं धरून बसलो. तर हीच म्हणाली, "साडी टाका की वर. वाळत घातलीया म्हनायचं." तिनं एक जुनी सुती साडी आणली. साडी कोरडी असली की चित्र यायचं. दव पडून भिजली की जायचं. मग मी वर जाऊन साडी पिळायची आणि ती खालनं ओरडायची, "आलं! आलं! गेलं! आलं वो!" जन्मभर गल्लीची चित्रं लावली, पण असा आनंद कुठल्या कनेक्शनला झाला नव्हता.

पहिल्या दिवशी ते कन्नड लागलं तेव्हा बातम्या चालू होत्या. कुठल्या तरी धरणाचं पाणी सोडलं, असलं काय तरी. ती पदर तोंडाला लावून ऐकत होती. देवळात कीर्तन ऐकावं तसं.

शेजारी एक जाऊबाईसारखी बाई राहायची. तिच्या नजरेतनं काय सुटायचं नाही. चार-आठ दिवसांनी म्हणाली, "काकू, एकच साडी रोज वाळत घालताय?"

"दुसरी न्हाई," आमची म्हणाली.

"केबलवाल्याच्या बायकूला दुसरी साडी न्हाई?"

ते काय फार दिवस टिकणारं नव्हतंच. एका दुपारी वारा सुटला आणि साडी उडून समोरच्या दूधवाल्याच्या गोठ्यात पडली. दूधवाला माझा लहानपणचा दोस्त, एका तालमीतला. तो साडी द्यायला आला आणि वर बघून तिथंच थांबला. मग एवढ्या मोठ्यानं ओरडला की गल्ली बाहेर आली.

"आयला! केबलवाल्याच्या घरावर छत्री! आरं, स्वतःच्या खानावळीत न जेवनारा आचारी बघितला का कुनी?"

"हळू बोल की लेका."

"हळू कशाला? आमास्नी सांगतोस डोळं जात्यात. तुझं गेल्यात का बघू?"

सगळे हसले. मीपण हसलो, दुसरं करणार काय. पण हसणं संपलं आणि महिन्याभरात काही घरं माझ्याकडनं फुटून छत्रीवर गेली. केबलवालाच छत्री लावतो म्हणजे छत्रीच चांगली असणार, असा त्यांचा हिशेब. सरळच होता. कुणाला मी खरं कारण सांगितलं नाही. बायकोला आपल्या भाषेत ऐकायचंय म्हणून छत्री घेतली, हे पुरुषानं गल्लीत सांगायचं म्हणजे काय. तो बुकेवाल्या कंपनीचा माणूससुद्धा फोनवर म्हणाला, "मामा, तुम्हीच आमचं नाव घालवताय."

ती एका रात्री जेवताना म्हणाली, "काढा ती छत्री. पोटाचं बघा आधी."

"न्हाई काढत."

"माझ्यासाठी गिऱ्हाईक घालवताय?"

"गिऱ्हाईक दुसरं गावंल."

"न्हाई गावलं तर?"

"तर दोघं बसून कन्नड बघू. तू सांग, मी ऐकतो."

तिनं मग माझ्या ताटात न विचारता भात वाढला आणि वर शेंगदाण्याची चटणी घातली. तो विषय तिनं परत काढला नाही.

साडी मात्र घडी करून ठेवून दिली. आता लपवायचं काय होतं? छत्री उघडी पडली आणि वर्षानुवर्षं उघडीच राहिली. फुकटचे महिने संपल्यावर छत्रीच्या कंपनीनं तेच केलं जे मला माहीत होतं. तिचं चॅनेल लहान पॅकमधनं उचलून मोठ्यात टाकलं. तिला एक पाहिजे होतं, त्याच्यासाठी आमच्या घरात तीस चॅनेलं यायची. तामिळ, तेलुगू, कुठली कुठली गाणी. ती म्हणायची, "वरमाईला बोलवायचं म्हटलं तर आख्खं वऱ्हाड जेवायला यायलंय." पण जेवू घालत होतो. माझा धंदा हळूहळू बारीक होत गेला तरी ते एक बिल मी चुकवलं नाही. तिच्या बोलण्यात जुने शब्द परत यायला लागले. उंबऱ्याचा शब्दसुद्धा आला. एक दिवस चूल सारवता सारवता एकदम म्हणाली, "होस्तिलु!" आणि लगेच बहिणीला फोन लावायला धावली.

त्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या घरासमोर खांबावर चढून जोड बांधत होतो. शेजारची ती बाई पळत आली. खालनं ओरडली, "उतरा वो, काकू पडल्यात." मी उतरलो कसा ते आठवत नाही.

टीव्ही चालूच होता. मेथी निम्मी निवडलेली. शेजारणीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, पण आधीच सगळं झालं होतं. डॉक्टर आला तो नुसता मान हलवायला. शुगर होती तिला, छाती भरून आली म्हणाला. शेजारीण मला सांगत होती, "त्या काय तरी बोलल्या. दोनदा बोलल्या. पर कन्नडात बोलल्या वो, मला कळलंच न्हाई." ती बाई हुंदके देऊन रडत होती, जसं काय कन्नड न येणं हा तिचाच गुन्हा.

पाणी मागितलं असेल. नाहीतर मला बोलवायला सांगितलं असेल. मी तरी जवळ असतो तर मला कळलं असतं का? तेपण नाही.

दुपारपर्यंत तिची बहीण आणि माहेरची माणसं आली. आमच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात. स्वामी आले, तिला बसवली, भस्म लावलं. तिच्या बहिणीनं जो हंबरडा फोडला तो सगळा कन्नडात. आमच्या घरातल्या बाया गप्प उभ्या होत्या. बहीण तिच्या तोंडावरनं हात फिरवून फिरवून काय काय सांगत होती, आणि मला वाटलं, आता ही मान वळवून मला सांगेल, ती काय म्हणते ते. एवढी वर्षं कन्नडात कुणी काय बोललं की मी हिच्याकडं बघायचो. त्या दिवशीपण बघितलं.

दिवस बुडायच्या आत सगळं आटपलं. दूधवाल्यानं खांदा दिला आणि दिवसभर एक अक्षर बोलला नाही. आख्ख्या जन्मात तो एवढा वेळ गप्प राहिलेला मी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. तिची बहीण चुलीपाशी होती. तिनं चहा दिला आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "दाजी, ऊटा, जेवन केला न्हाई तुमी काल." माझी बायकोसुद्धा लग्न होऊन आली तेव्हा असंच बोलायची. मी चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आलो आणि टीव्ही लावला. का लावला, माहीत नाही. हात गेला. तर पडद्यावर चित्र नाही, नुसती इंग्रजी पाटी. मला इंग्रजी येत नाही, पण ही पाटी मी धंद्यात हजारदा बघितली होती. पॅक संपला होता. संपायच्या आधी मी नेहमी भरायचो. आदल्या दिवशी भरायचा होता.

आमच्यात सुतक पाळत नाहीत. तरी बायको गेल्याच्या दुसऱ्या सकाळी पुरुष बाजारात जात नाही. मी चप्पल घातली. बहीण दारापर्यंत आली.

शाहूपुरीतलं दुकान नुकतंच उघडत होतं. आता तो दुकानदार मला चांगला ओळखत होता. म्हणाला, "काय पावणं, आज सकाळच्या पारी?"

"बायको गेली काल."

त्यानं हातातला झाडू खाली ठेवला. आत नेऊन बसवलं, पाणी दिलं.  मग तो बिचारा माझ्या भल्याचंच बोलला. "त्यास्नीच लागत हुतं न्हवं कन्नड? मग आता साऊथ काढून टाकतो. मराठीचा लहान पॅक हाय, निम्म्याच्या आत बसतोय. तुमी एकटं, काय करायचंय एवढं घेऊन?"

धंदेवाला माणूस मोठा पॅक सोडून लहान घ्या म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघत राहावं लागतं. चांगला माणूस. पण मी म्हटलं, "न्हाई. हाय त्योच भर."

"तुमाला तर कळत न्हाई वो कन्नड."

"व्हय, न्हाई कळत. पर ते बंद पडलं की घरात कन्नड बोलणारं कोणच ऱ्हात न्हाई."

त्यानं मशिनवर बोटं चालवली आणि मान हलवली.

घरी आलो. चित्र आलं होतं. आवाज मोठा केला, दार उघडं ठेवलं आणि आत जाऊन बहिणीच्या हातातली चहाची भांडी घेऊन घासायला बसलो.